टू-स्ट्रोक डर्ट बाईक मूठ पिळली की गुदमरते, प्लग सारखा काळा पडतो: कार्ब्युरेटर ट्यूनिंग कुठून सुरू करायचं?

तक्रार साधारण अशी असते. गाडी किकला सुरू होते, स्लोवर (मूठ सोडून, नुसती उभी असताना) बरी चालते, पण मूठ पिळली की गुदमरते. कधी भडभडते, कधी आवाज गिळून बंद पडते. नवा प्लग टाकला की सुधारते, थोडे दिवस. मग पुन्हा तेच. कुणीतरी सांगतं, 'जेट बदल.' जेट बदलला जातो, जरा बरं वाटतं, आणि पुढच्या खेपेला गाडी दुसऱ्याच ठिकाणी अडखळायला लागते.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा: गाडी आधी नीट चालत होती का? चालत असेल आणि मधल्या काळात तुम्ही सायलेन्सर, फिल्टर, तेलाचं प्रमाण यातलं काही बदललं नसेल, तर जेटला दोष देऊ नका. जेट म्हणजे पितळेच्या तुकड्याला पाडलेलं भोक, ज्यातून पेट्रोल मोजून जातं. ते आपोआप लहान-मोठं होत नाही. फार तर बुजतं. बिघडलेलं असतं ते दुसरंच काही, आणि जेट बदलून त्या बिघाडावर पांघरूण घातलं जातं. आत तो वाढतच राहतो, म्हणून तक्रार परत येते.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर मामला वेगळा. आधीच्या मालकाने आत काय कोंबलंय हे कार्ब (म्हणजे कार्ब्युरेटर) उघडल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा सर्व्हिस मॅन्युअलमधले मूळ जेट नंबर, नीडलचा (पेट्रोलची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या सुईचा) कोड आणि तिच्यावरच्या क्लिपची जागा शोधून काढा, आतलं सगळं त्यावर आणा आणि मगच पुढे बोला.

आधी ठरवा: रिच की लीन

पेट्रोल जास्त, हवा कमी म्हणजे रिच. हवा जास्त, पेट्रोल कमी म्हणजे लीन. गाडी दोन्हींत गुदमरते आणि नवशिक्याचा घोटाळा इथेच होतो. फरक कानाला कळतो. रिच गाडी मूठ पिळल्यावर भडभडते, मागून धूर सोडते, रडतखडत वर चढते आणि एका ठिकाणी आली की अचानक मोकळी सुटते. सायलेन्सरच्या टोकातून काळं चिकट तेल ओघळतं. प्लग काढला तर ओला, काजळीने माखलेला. इंजिन जितकं तापेल तितका त्रास वाढतो.

लीन गाडी भडभडत नाही. मूठ पटकन उघडली की एक पोकळ 'ब्वाऽ' येतो आणि गाडी मरते. थंड असताना चोकशिवाय उभी राहत नाही, गरम झाली की जरा बरी वागते. मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहते. हे लटकणं दिसलं की सावध व्हा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच तेल घेऊन आत जातं आणि पिस्टनची उष्णताही काही प्रमाणात तेच कमी करतं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं. रिच गाडी तुमचा प्लग खाते, लीन गाडी पिस्टन-सिलिंडर खाते.

कानावर विश्वास नसेल तर दोन सोप्या चाचण्या आहेत. पहिली चोकची. इंजिन गरम असताना, जिथे गाडी अडखळते तेवढीच मूठ धरून, चोक क्षणभर ओढायचा. सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच. दुसरी पेट्रोलच्या नळाची. पाव मुठीवर सावकाश चालवत असताना नळ बंद करा. फ्लोटच्या वाटीतलं (कार्बच्या तळाशी साठलेलं) पेट्रोल खाली जाईल तसं मिक्श्चर आपोआप लीन होत जातं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी झकास चालली तर ती रिच होती हे नक्की. ही नळाची चाचणी फक्त कमी मुठीवर करायची. फुल मुठीवर करणं म्हणजे पिस्टन जाम करायला आमंत्रण.

आरपीएम विसरा, मूठ बघा

'साधारण पाच-सहा हजारांवर अडखळते' अशी तक्रार ऐकली की त्यातून कार्बबद्दल काहीच कळत नाही. कार्बला इंजिन किती फिरतंय यापेक्षा स्लाइड (मूठ पिळली की वर सरकून हवेची वाट उघडणारा दट्ट्या) किती उचलली आहे याच्याशी जास्त देणंघेणं असतं. स्लो जेट (यालाच पायलट जेट म्हणतात) आणि हवेचा स्क्रू यांचं राज्य बंद मुठीपासून पाव मुठीपर्यंत. स्लाइडच्या खालच्या कडेला जो तिरका काप असतो, त्याचा प्रभाव पाव मुठीच्या आसपास. पावपासून पाऊण मुठीपर्यंत नीडल. पाऊणच्या वर मेन जेट. या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असतात, कुंपण घातलेलं नसतं. पण शोध कुठे घ्यायचा हे सांगायला एवढं पुरतं.

म्हणून पहिलं काम चिकटपट्टीचं. मुठीच्या रबरावर एक पट्टी, शेजारच्या स्थिर घरावर एक. मूठ बंद असताना दोन्हीवर सरळ रेघ मारा, मग पूर्ण उघडून घरावर दुसरी रेघ, आणि मधलं अंतर भागून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा. आता गाडी चालवा आणि अडखळली की खाली बघा. बहुतेकांना धक्का बसतो. 'फुल मूठ होती' असं शपथेवर सांगणाऱ्याची मूठ जेमतेम अर्धी उघडलेली निघते. मग मेन जेट तीनदा बदलूनही काही फरक का पडला नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जेटला हात लावण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळे तो गाळतात. माझ्या मते वारंवार येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात.

एअर फिल्टर. फोमचा फिल्टर धुळीने भरला की हवा अडते आणि गाडी रिच होते. फिल्टरचं तेल लावून नीट पिळला नाही तरी तेच. तेल न लावता कोरडा बसवला तर हवा जास्त जाते आणि सोबत बारीक धूळही, जी सिलिंडर घासून काढते. धुवा, वाळवा, तेल लावा, हाताने दाबून जादा तेल काढा (पिळा म्हटलं की काही जण पिरगाळतात, फोम फाटतो), कडेला ग्रीस लावून बसवा. फिल्टर काढून ठेवून ट्यूनिंग करण्यात अर्थ नाही. तो परत बसवला की सगळी मापं बदलतात.

पेट्रोल आणि तेल. मिसळलेलं पेट्रोल डब्यात महिनोन्महिने पडून असेल तर ते गाडीत भरू नका. ताजं मिसळा, मोजून मिसळा. ४०:१ म्हणजे एका लिटरला २५ मिली, ३२:१ म्हणजे साधारण ३१ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. डोळ्याच्या अंदाजाने ओतलं की दर टाकीला प्रमाण वेगळं आणि मग गाडीही दर टाकीला वेगळी.

इथे एक गैरसमज घट्ट रुतून बसला आहे. सायलेन्सरमधून काळं तेल गळतं म्हणून लोक पेट्रोलमधलं तेल कमी करतात. पण तेल कमी केलं की त्याच जेटमधून पेट्रोल जास्त जायला लागतं, म्हणजे मिक्श्चर आणखी रिच होतं. गळणारं तेल हे बहुतेक वेळा न जळलेल्या मिक्श्चरचं लक्षण असतं. ते जेटिंग सुधारल्यावर किंवा गाडी नीट तापवून जरा जोरात चालवल्यावर कमी होतं. तेलाचं प्रमाण मॅन्युअल किंवा तेलाच्या डब्यावर सांगितलेलं ठेवा आणि एकदा ठरवलं की त्याच्याशी खेळू नका.

हवेची गळती. लीनच्या लक्षणांत हा सगळ्यात मोठा लबाड. कार्ब आणि इंजिनमधला रबरी बूट तडकलेला, रीड ब्लॉकचं (मिक्श्चर आत सोडून परत येऊ न देणाऱ्या झडपेचं) गॅस्केट फाटलेलं, किंवा मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलेलं. यातल्या कुठूनही चोरवाटेने हवा आत येते आणि ही हवा कार्बला माहीतच नसते. स्लोवर रेस कधी वर, कधी खाली. गाडी एका बाजूला झुकवली की रेस बदलते. तुम्ही स्लो जेट मोठा टाकता, स्लो सुधारतो, पण वरच्या रेसमध्ये गळती तशीच राहते आणि एक दिवस पिस्टन चिकटतो.

बूट वाकवून, ताणून बघा. नुसत्या नजरेला तडा दिसत नाही, रबर ताणल्यावर उघडतो. खरी तपासणी मात्र दाबाची: सिलिंडरवर सायलेन्सर बसतो ते तोंड आणि कार्बच्या जागेचं तोंड बंद करून इंजिनमध्ये हलक्या पंपाने साधारण ६ पीएसआय (दाबाचं माप) हवा भरायची. चांगलं इंजिन हा दाब ६ मिनिटं जवळजवळ तसाच धरून ठेवतं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. ६ च्या फार वर जाऊ नका, नाहीतर चांगलं सीलही बाहेर ढकलाल. चालू इंजिनवर बूटाभोवती कार्ब क्लीनर फवारून रेस बदलते का बघण्याची पद्धत बरेच जण वापरतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेट घेणारा फवारा मारणं मला पटत नाही.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर चित्र उलटं दिसतं. तिथून इंजिन गिअर ऑइल ओढतं. धूर वाढतो, प्लग सारखा ओला, आणि माणूस रिच समजून जेट लहान करत सुटतो. पुरावा सोपा आहे: बाहेर कुठेही थेंब नसताना गिअर ऑइलची पातळी खाली जाते.

रीड काढून उजेडासमोर धरा. पाकळ्या बसकणीवर टेकलेल्या हव्यात. टोकं तुटलेली किंवा कडा झडलेल्या असतील तर किकला त्रास आणि खालची ताकद गायब. हे दुखणंही लोक कार्बच्या माथी मारतात. पॉवर व्हॉल्व्ह (धूर बाहेर जाण्याची वाट रेसनुसार कमी-जास्त करणारी झडप) असलेल्या गाडीत तो काजळीने अडकला असेल तर वरचा जोर येतच नाही आणि मेन जेट बिचारा बदनाम होतो. कॉम्प्रेशन संपलं असेल, रिंग-पिस्टन झिजले असतील, तर ट्यूनिंगचा खटाटोप आधी बाजूला ठेवा.

टाकीच्या झाकणाची हवेची नळी. गाडी छान चालते, काही वेळाने फुल मुठीवर दम टाकते, थांबलं की पुन्हा बरी होते. असं असेल तर झाकण उघडून ऐका. 'फुस्स' झालं तर नळी बुजलेली. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली येत नाही. कार्बच्या बाजूने लोंबणाऱ्या नळ्याही चिखलाने बुजतात किंवा मुडपतात, त्या एकदा फुंकून बघा.

कार्ब उघडताना

बाहेरून धुऊन, वाळवून मगच काढा. खाली पांढरं फडकं पसरा, कारण नीडलची क्लिप उडाली की काळ्या जमिनीवर सापडत नाही. वाटीचे स्क्रू मऊ असतात. नेमक्या मापाचाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर डोकं घासून जाईल.

वाटीत आधी बघा, लगेच पुसू नका. तळाशी वाळूचे कण असतील तर फिल्टर किंवा टाकी बोलते आहे. पाण्याचे गोळे असतील तर ते वेगळेच चमकताना दिसतात. हिरवट-पिवळा चिकट थर म्हणजे पेट्रोल आत सुकलं आहे. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे पहिला बळी त्याचाच. उजेडाकडे धरा: भोक गोल, स्वच्छ, पलीकडचा प्रकाश सरळ दिसला पाहिजे. चंद्रकोरीसारखा दिसला तर अर्धं बुजलंय. तार, सुई, ड्रिल काहीही घालू नका; पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेटवरचा नंबर खोटा ठरतो. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा, डोळ्यांवर चष्मा. फक्त जेट साफ करून भागत नाही, ज्या वाटांत ते बसतात त्याही फुंका. हवेच्या स्क्रूच्या वाटेत फवारा मारला की तो स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर यायला हवा.

मग फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा. हा बिघडला की मुठीच्या प्रत्येक टप्प्यावर गाडी बिघडते, आणि जेव्हा तक्रार 'सगळीकडेच रिच' अशी असते तेव्हा मी आधी इथेच बघतो. फ्लोटच्या सुईचं टोक बोटाने चाचपा. गोल खाच पडली असेल तर सुई बदला. उंची मोजताना कार्ब तिरका धरायचा, म्हणजे फ्लोटची पत्ती सुईच्या स्प्रिंगवाल्या दांडीला नुसती टेकेल, दाबणार नाही. उलटा धरून मोजलं तर फ्लोटच्या वजनाने स्प्रिंग दबते आणि माप चुकतं. आकडा मॅन्युअलमधला घ्या. केहिन कंपनीच्या पीडब्ल्यूके जातीच्या कार्बमध्ये तो बऱ्याचदा १६ मिमीच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा तोच असेल असं धरू नका. जोडून झाल्यावर नळ उघडा आणि ओव्हरफ्लोच्या नळीखाली कागद ठेवा. गाडी सरळ उभी असताना थेंब पडला तर काम अजून संपलेलं नाही.

चोकचा पितळी दट्ट्या पूर्ण खाली बसतो का, तेही बघा. त्याच्या बुडाचं रबर झिजलं तर चोक बंद असूनही पेट्रोल जात राहतं आणि कमी मुठीवर गाडी कायमची रिच. स्लाइड घालताना तिचा कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला. आणि मेन जेट जिथे बसतो त्या नळीचं वरचं तोंड, ज्यातून नीडल वर-खाली होते, ते लांबट झालं असेल तर नळी आणि नीडल दोन्ही झिजलेत. जेट बदलत नाही म्हटलं, त्याला हा एक अपवाद: ही जोडी वर्षानुवर्षं घासून पाव ते अर्ध्या मुठीवर रिच होत जाते, आणि क्लिप कितीही वर घेतली तरी गाडी साफ होत नाही.

आता ट्यूनिंग

नवा प्लग, साफ फिल्टर, ताजं पेट्रोल, पूर्ण तापलेलं इंजिन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काय बदललं, त्या दिवशी हवा गार की गरम होती, काय फरक पडला, हे वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे देवालाच माहीत.

सुरुवात हवेच्या स्क्रूने. कार्बच्या बाजूला दोन स्क्रू दिसतील. मोठा, स्लाइडला आधार देणारा, आत फिरवला की रेस वाढते, तो स्लोचा. दुसरा बारीक, फिल्टरकडच्या तोंडाजवळ, तो हवेचा. हवेचा स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे लीन. आत घेतला की रिच. काही कार्बमध्ये मात्र हा बारीक स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो. तो हवा नव्हे, पेट्रोल सोडतो आणि त्याचं सगळं उलटं: बाहेर म्हणजे रिच. आपला कुठला ते आधी बघून घ्या.

स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. आवळू नका, टोक चेपतं. तिथून दीड फेरा बाहेर काढा. गाडी सुरू करून गरम करा, स्लोचा स्क्रू जरा आत घेऊन रेस थोडी वर ठेवा, म्हणजे बंद पडणार नाही. आता हवेचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आत घ्या आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा. इंजिनला बदल जाणवायला क्षणभर लागतो. रेस पडू लागेल, आवाज जड होईल. मग तसाच हळूहळू बाहेर. रेस चढत जाईल, एका जागी सगळ्यात वर जाऊन स्थिर होईल आणि त्यापुढे पुन्हा पडेल किंवा डगमगेल. ती सर्वात वरची जागा शोधायची, तिथून जेमतेम पाव फेरा आत यायचं आणि स्लो परत जागेवर आणायचा. मूठ झटक्यात पाव उघडून बघा: आवाज लगेच, कोरडा, खणखणीत यायला हवा.

ही जागा किती फेऱ्यांवर सापडली, यावरून स्लो जेटचं कळतं. एक फेऱ्याच्या आतच सापडली तर स्लो जेट लहान आहे, एक नंबर मोठा टाका. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेलात तर जेट मोठा आहे, एक नंबर खाली या. स्क्रू फिरवून रेसमध्ये काहीच फरक पडत नसेल तर जेट किंवा त्याची वाट बुजलेली आहे, नाहीतर स्लोचा स्क्रू इतका आत आहे की स्लाइड उचलूनच बसली आहे.

स्लो आधी का, यावर वाद आहे. काही जाणते लोक मेन जेटपासून खाली येतात. नवशिक्याने खालून वर जावं असं मला वाटतं. बहुतेक वेळ गाडी तिथेच चालते, धोका कमी असतो, आणि स्लोचं पेट्रोल पुढेही थोडंफार वाहतच राहतं. तो बरोबर नसेल तर वरचे अंदाज चुकतात.

मग नीडल. तिच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एकीत क्लिप. क्लिप खालच्या खाचेत घेतली की नीडल वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. क्लिप वर, नीडल खाली, लीन. खाचा वरून मोजायच्या; सगळ्यात वरची खाच सगळ्यात लीन. सुरुवात मधल्या किंवा मॅन्युअलमधल्या खाचेवर. तिसऱ्या गिअरमध्ये अर्धी मूठ धरून चालवा. भडभड असेल तर क्लिप एक खाच वर. पोकळ वाटत असेल, ओढ येत नसेल, तर एक खाच खाली. एका खाचेचा फरक चांगला जाणवतो. नीडलचे कोड, जाडी, उतार हे प्रकरण मोठं आहे. मूळ नीडल असेल तर नवशिक्याला त्यात पडायची गरज नाही. स्लाइडच्या कापाचंही तेच.

मेन जेटला नेहमी रिच बाजूने खाली या. मूळ नंबरापेक्षा एक-दोन नंबर मोठा टाका, मोकळ्या, लांब, सुरक्षित जागेवर वरच्या गिअरमध्ये फुल मूठ. गाडी वर भडभडत असेल, शेवटची रेस पकडत नसेल, तर एक नंबर खाली. असं एकेक नंबर उतरत ज्या जेटवर गाडी वरपर्यंत साफ ओढते, तिथे थांबा. 'अजून एक उतरवून बघू, आणखी तिखट होईल' हा मोह आवरा. लीन गाडी पिस्टन जाण्याआधी खरंच तिखट चालते, लोक फसतात ते तिथेच. फुल मुठीवर धातूची किणकिण ऐकू आली, किंवा चढता जोर अचानक सैल पडला, तर मूठ सोडा, क्लच दाबा, इंजिन बंद करा.

नंबरांचं एक लक्षात ठेवा. मिकुनी आणि केहिन या दोन कंपन्यांचे नंबर एकाच मापाने दिलेले नाहीत, त्यामुळे एकाचा १६० म्हणजे दुसऱ्याचा १६० नव्हे. नकली जेटवर तर छापलेला आकडा खरा असेलच असं नाही.

प्लगच्या रंगावरून निदान करायची हौस सगळ्यांना असते. घरापर्यंत सावकाश येऊन, स्लोवर उभी करून काढलेला प्लग काळाच दिसणार. त्यावरून मेन जेटचं काही कळत नाही. बघायचाच तर नवा प्लग घालून फुल मुठीवर पळवा, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी घरंगळत थांबवा आणि प्लग काढा. पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी बुडाशी, खोल आत, एक धुरकट कडं दिसतं. फुल मुठीची खबर त्या कड्यात असते, टोकाच्या रंगात नाही. कडंच नसेल, माती पांढरी फटक असेल किंवा तिच्यावर चमकणारे बारीक कण दिसले, तर जेट आजच मोठा करा. चमकणारे कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

काही न बदलता बिघडली तर

हवामान बघा. गार हवा दाट असते. शून्य अंशाची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १३ टक्के दाट, म्हणून उन्हाळ्यात साफ चालणारी गाडी कडाक्याच्या थंडीत लीन होते. उंचीवर उलटं: समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर हवेचा दाब सुमारे ११ टक्क्यांनी घटतो आणि तीच गाडी रिच होते. छोटा फरक हवेच्या स्क्रूने सांभाळता येतो, मोठ्याला नीडलची खाच किंवा एखाद-दोन नंबरांचा मेन जेट लागतो. डोंगरावरून खाली आल्यावर जेट परत मोठा करायला विसरू नका. या विसरण्यात इंजिनं गेली आहेत.

लांब उतारावर गिअरमध्ये मूठ पूर्ण बंद करून गाडी सोडणंही टाळा. इंजिन जोरात फिरत असतं आणि पेट्रोलसोबतचं तेल जवळजवळ जात नसतं. क्लच दाबा किंवा अधूनमधून मूठ थोडी उघडून तेल पोचू द्या. तसं न केल्याने चिकटलेल्या पिस्टनचं खापर ट्यूनिंगवर फुटतं.

दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर नळ बंद करून वाटीच्या खालचा स्क्रू सोडा, आतलं पेट्रोल बाटलीत काढा. वाटीत राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेलं चिकट होऊन आधी स्लो जेट बुजवतं. पुन्हा गाडी काढताना किक मारून घाम फुटला, सुरू झाली तरी चोक सोडता येईना, तर हवेच्या स्क्रूला हात लावू नका. तो तुम्ही वहीत लिहिलेल्या फेऱ्यांवरच आहे. वाटी उघडा, स्लो जेट काढा आणि उजेडाकडे धरा.